सांदवाडीतला गवती चहा: लावायचा कसा, कापायचा कधी, वापरायचा कुठे

मागच्या दिवाळीला भाची पुण्याहून आली ती मांडीवर एक कुंडी सांभाळत. पानं पुदिन्यासारखी, चुरगाळली की लिंबाचा वास. "मावशी, हे लेमन बाम. याचा चहा कर, सरबत कर, आंघोळीच्या पाण्यात टाक." हिवाळाभर रोपटं झकास राहिलं. होळीनंतर पानांच्या कडा करपायला लागल्या आणि एप्रिल अर्धा सरला तेव्हा कुंडीत नुसत्या काड्या उरल्या.

त्या झाडाची काही चूक नाही. लेमन बाम, म्हणजे मेलिसा ऑफिसिनॅलिस, हे भूमध्य समुद्राच्या बाजूचं, तुळस-पुदिन्याच्या कुळातलं झाड. त्याला नरम ऊन आणि गार हवा लागते. आमचं गाव हिंगणघाटकडचं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि नवतपा लागला की माठातलं पाणीसुद्धा दुपारी कोमट होतं. तिथे त्याने टिकावं तरी कसं? हौस असेल तर ऑक्टोबरात कुंडीत लावा, सकाळचं ऊन द्या, फेब्रुवारीपर्यंत पानं खुडा आणि ते पाहुणं आहे असंच समजा.

पण ती कुंडी वाळत होती तेव्हा तिच्यापासून दहा पावलांवर गवती चहाचं ठोंब ताठ उभं होतं. लिंबासारखा वास दोघांना मुख्यतः एकाच द्रव्यामुळे येतो, त्याचं नाव सिट्राल. गवती चहाच्या तेलात साधारण ७० ते ८० टक्के सिट्रालच असतो. त्यामुळे लेमन बामचे घरगुती उपयोग म्हणून जे जे सांगतात त्यातलं बहुतेक सगळं आपल्या घरालगतच्या सांदवाडीतल्या या गवताने होतं. फरक एकच. लेमन बामचं पान मऊ असतं, चटणीत वाटून पोटात जातं. गवती चहाचं पातं चिवट, त्याचा वास काढून घ्यायचा आणि पातं टाकून द्यायचं. ते चावत बसायचं नाही.

ज्यांनी नुकतंच गावाकडे घर केलं आहे, बदलीवर आले आहेत किंवा सासरच्या वाडीत हे झुडूप आयतं मिळालं आहे, पण चहात दोन पाती टाकण्यापलीकडे त्याचं काय करायचं ते ठाऊक नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

ठोंब आणताना नाकावर भरवसा ठेवा

गवती चहाचं बी शोधत फिरू नका. घराघरात असतो तो सिम्बोपोगॉन सिट्रॅटस, आणि तो आपल्याकडे क्वचितच फुलतो. त्याची वाढ फुटव्यांवरच. शेजारणीकडे मोठं ठोंब असेल तर चार-पाच फुटवे मुळासकट मागून घ्या. गावात यासाठी कोणी पैसे घेत नाही. फार तर ऐकवतील, "ने ना बाई, तेवढंच कमी होईल."

नर्सरीतून आणणार असाल तर मात्र पातं चुरगाळून वास घ्या. सिट्रोनेला नावाचं याचंच एक भावंड आहे. दिसायला तसंच, पाती जरा रुंद, जास्त झुकलेली, बुडाशी बरेचदा लालसर. पुष्कळदा दोन्ही एकाच नावाने विकली जातात. स्वच्छ लिंबाचा वास आला तर गवती चहा. डास पळवणाऱ्या मलमासारखा उग्र वास आला तर सिट्रोनेला, ते चहात घालायचं नाही. मी स्वतः एकदा फसले आहे. तालुक्याच्या बाजारातून हौसेने रोप आणलं आणि पहिल्याच चहाला आमचे हे म्हणाले, "काहून वं, चहात फिनाईल सांडलं का?"

आणखी एक भावंड आपल्याच रानात असतं, रोशा म्हणजे तिखाडी. मेळघाटाकडच्या माळावर आणि डोंगरउतारावर दिसतं. त्याचा वास गुलाबाकडे झुकतो. त्याचं तेल निघतं, मोलाचंही असतं, पण चहासाठी ते नाही.

लावणी: मृगाच्या पहिल्या सरीवर भुलू नका

कपाशीचा शेतकरी ही गोष्ट जाणतोच. पहिली सर पडते, माती वास सोडते, जीव घाई करतो आणि पुढे पंधरा दिवस आभाळ कोरडं. गवती चहा कपाशीसारखा मोडत नाही, तरी नवे फुटवे त्या उघडिपीत सुकतात. आर्द्रा लागून दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावा.

फुटवे लावण्याआधी पाती वरून छाटून वीतभर ठेवा. मुळं तुटलेली असताना लांब पाती ठेवली तर त्यांना पाणी पुरत नाही आणि सगळा फुटवा पिवळा पडतो. जुनी, काळी पडलेली मुळंही कात्रीने काढा. एका खड्ड्यात दोन फुटवे, चार बोटं खोल, भोवतीची माती पायाने दाबून. दोन ठोंबांत दीड ते दोन फूट जागा ठेवा. आज ते अंतर जास्त वाटेल. दुसऱ्या वर्षी पाती एकमेकांत घुसलेली पाहून दीड फूट का सांगितलं ते कळेल.

जागा निवडताना आपल्या काळ्या मातीचा विचार आधी करा. ती पाणी धरून ठेवते, आणि श्रावणाची झड लागली की खोलगट जागी मुळं सडतात. म्हणून वरंब्यावर किंवा उंचवट्यावर लावा, खड्ड्यात दोन पाट्या मुरूम किंवा वाळू आणि एक पाटी कुजलेलं शेणखत मिसळा. ओलं शेण घालू नका, मुळं खाणाऱ्या हुमणी अळीला आवतण मिळतं.

माझं ठोंब न्हाणीच्या मागे आहे, कारण जुन्या बायांनी ते तिथेच लावलं. आंघोळीचं पाणी मिळतं म्हणून उन्हाळ्यात जगतं, हे खरं. पण पूर्वी आंघोळ डाळीच्या पिठाने, शिकेकाईने व्हायची. आता त्याच मोरीतून कपड्याच्या साबणाचं, फिनाईलचं पाणी जातं. जे पातं आपण कपात टाकतो त्याला ते पाणी नको. मी नाली विटा लावून दुसरीकडे वळवली आणि ठोंबाला पिण्याचे माठ-रांजण धुतलेलं पाणी देते. तुम्ही नव्याने लावत असाल तर मोरीपासून लांबच लावा.

दारालगत, खिडकीखालीही नको. गवती चहा असला की साप येत नाही असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. विश्वास ठेवू नका. दाट, गार, बुडाशी वाळका पाचोळा साठलेलं ठोंब म्हणजे बेडूक-उंदरांना आसरा, आणि त्यांच्या मागे घोणस येते. घरापासून दहा-बारा पावलं दूर लावा, बुडाची वाळकी पाती दर महिन्याला ओढून काढा आणि हात घालण्याआधी काठीने ठोंब हलवून बघा. अंधारात दोन पाती तोडायला जायचं नाही, पाहुणे कितीही खोळंबले तरी.

कापणी हीच खरी मशागत

नवखी माणसं इथे चुकतात. चहापुरती दोन पाती ओरबाडतात, बाकीचं तसंच वाढू देतात. पाती जून होतात, टोकं करपतात, मधला भाग कोंदतो, आणि मग म्हणतात, "आमच्याकडच्याला वासच नाही." वास कोवळ्या पण पूर्ण उघडलेल्या पात्यात असतो. नवी पाती यायची तर जुनी कापावीच लागतात.

आर्द्रात लावलेलं ठोंब साधारण तीन महिन्यांनी पहिल्या कापणीला येतं, म्हणजे घट बसतात त्या सुमारास. तोवर पोळ्याला वगैरे चार पाती घेतली तर बिघडत नाही. पहिल्या कापणीनंतर वाढ पाहून दीड-दोन महिन्यांनी एकदा कापायचं. धारदार विळा घ्या, एक मूठ पकडा आणि जमिनीपासून वीतभर ठेवून कापा. त्याखाली गेलात तर वाढीचा कोंब कापला जातो. उपटायचं तर मुळीच नाही.

पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. पात्याची कड बारीक करवतीसारखी असते. कापताना कळत नाही, नंतर तिखट कांडायला बसलं की हात बोलायला लागतात.

कापणी सकाळी, दव उतरल्यावर. दुपारच्या उन्हात कापलेलं घरी येईस्तोवर मलूल होतं. ओलं कापलं तर वाळताना काळं पडतं.

वर्षाचा हिशेब आमच्याकडे असा बसतो. दसरा ते दिवाळी ही सगळ्यात मोठी कापणी, वाळवणासाठी. थंडीत वाढ मंदावते, टोकं तांबूस होतात, तेव्हा हुरड्याला आलेल्या पाहुण्यांच्या चहापुरतंच घ्यायचं. फेब्रुवारीच्या शेवटी एक पूर्ण कापणी. पाती कमी म्हणजे उन्हाळ्यात पाण्याची मागणीही कमी. मग बुडाशी सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, चार बोटं जाड पसरायचं, पश्चिमेच्या बाजूने कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीचा किंवा तुरीच्या तुराट्यांचा आडोसा करायचा आणि दोन-तीन दिवसांआड संध्याकाळी बादलीभर पाणी. मे महिन्यात ठोंब मरतुकडं दिसेल. घाबरू नका, मुळाला ओल असली की पाऊस पडताच आठ दिवसांत हिरवं होतं.

चहा मांडताना

सगळे करतात म्हणून हे लवकर सांगून टाकता आलं असतं, पण निम्म्या घरांत हाच चहा बिघडलेला प्यायले आहे.

सिट्राल उडून जाणारं द्रव्य. पातं कापलं, ठेचलं की वास सुटतो, आणि उकळत्या उघड्या पातेल्यातून तो वाफेबरोबर स्वयंपाकघरात जातो. घर घमघमतं आणि कपात काहीच उतरत नाही. दुसरीकडे, पातं दहा-पंधरा मिनिटं खदखदलं तर गवताचा कडवटपणा उतरतो. म्हणजे ठेचायचं, पण आयत्या वेळी. उकळायचं, पण झाकून आणि थोडंच.

दोन कपांना हातभर लांबीची दोन पाती पुरतात. धुवा, एकत्र धरून मुठीत पिळा म्हणजे ती चरचरतील, आणि त्यांची गाठ मारा. गाठ मारली की गाळणीत बारीक कुसळं येत नाहीत, ती घशाला टोचतात. पाण्यात आधी आलं आणि साखर टाकून उकळी आणा. गाठ टाका, झाकण ठेवा, मंद आचेवर तीन मिनिटं. मग चहापत्ती, एक उकळी, शेवटी दूध. दूध तापलं की गाठ चिमट्याने काढून टाका.

नव्या सुना विचारतात, लिंबाचा वास आहे तर दूध फाटणार नाही का? नाही फाटत. दूध फाडतं ते लिंबातलं आम्ल. गवती चहात वास लिंबाचा आहे, आंबटपणा नाही. दुधाच्या चहाला लिंबाचा वास द्यायची हीच तर सोय.

वेलची आणि गवती चहा एकत्र घालू नका, असं माझं मत. दोघी एकमेकींचं ऐकत नाहीत. आलं चालतं, तुळस चालते, सुंठही चालते.

कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात किटलीभर चहा न्यायचा असेल तर भरण्याआधी पाती नक्की काढा. एकदा राहून गेली आणि दहा वाजता उघडलेला चहा पाहून वेचणीवाल्या मामी म्हणाल्या, "बाई, काढा आनला का चहा?" थर्मासमध्येही तेच होतं.

वाळवण

दिवाळीआधीच्या कापणीतली पाती फडक्याने पुसून दोन-दोन इंचांचे तुकडे करा. विळीवर केलेले तुकडे सारखे येतात, आणि सारखे आले की सारखे वाळतात. जुन्या सुती लुगड्यावर किंवा सुपात पातळ पसरा आणि पडवीत, वारा असेल तिथे, सावलीत ठेवा. दिवसातून एकदा हात फिरवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत पाच-सहा दिवस लागतात. गच्चीवर उन्हात टाकू नका. दोन तासांत कुरकुरीत होतं खरं, पण रंग पेंढ्यासारखा होतो आणि वास सूर्यदेव घेऊन जातात.

वाळलं का, हे बोटांत मोडून बघायचं. कट्‌कन तुटलं तर झालं, वाकलं तर अजून एक दिवस. किलोभर ओल्या पात्याचं पाव किलोच्या आसपास राहतं. काचेच्या बरणीत भरा, झाकण घट्ट, फडताळात अंधारात. पहिल्या आठवड्यात दोनदा उघडून बघा. झाकणाच्या आतून दमट दिसलं तर सगळं काढून पुन्हा पसरा. बुरशीचा वास आला तर मोह करू नका, खतात टाका. असं वाळलेलं पुढच्या पावसाळ्यापर्यंत चांगलं राहतं. चहाला ओल्याच्या दोन पात्यांऐवजी वाळलेले चमचाभर तुकडे.

पावसाळ्यात वाळवायच्या भानगडीत पडू नका. ठोंब हिरवं आहे, ओलंच वापरा.

उन्हाळ्याचं सरबत

अर्धा किलो साखर आणि अर्धा लिटर पाणी, साखर विरघळून उकळी आली की आणखी पाच मिनिटं ठेवा. गॅस बंद. आता तीस-चाळीस कोवळी पाती, बारीक चिरून, त्या गरम पाकात टाका आणि लगेच झाकण ठेवा. पाक उकळत असताना टाकली तर वास जातो, हे वर सांगितलंच. पूर्ण थंड झालं की पातळ फडक्यातून गाळा, बाटलीत भरा.

ग्लासात दोन-तीन चमचे पाक, अर्धं लिंबू, चिमूटभर काळं मीठ, वरून माठाचं पाणी. इथे आंबटपणासाठी खरं लिंबू लागतंच. फ्रीजमध्ये पाक दोन आठवडे जातो. लोडशेडिंग जास्त असेल तर निम्मंच करा.

स्वयंपाकात याचा आणखी एक बरा उपयोग म्हणजे साध्या भाताला. तांदूळ शिजायला टाकताना बुडाकडच्या पांढऱ्या दांडीचा बोटभर तुकडा ठेचून टाका, वाढताना काढा. वरणाबरोबर तो भात छान लागतो. सावजी रश्शात मात्र हा प्रयोग करू नका. केला आहे. त्या मसाल्यापुढे बिचारं पातं गेलं कुठे तेच कळलं नाही.

काढा, आणि काढ्याची हद्द

सर्दीला, घसा खवखवत असेल तर: चार कप पाण्यात सहा-सात पाती, बोटभर आलं, दहा तुळशीची पानं, चार मिरे. मिरे आणि आलं आधी उकळायचं, पाणी तीन कप झालं की पाती आणि तुळस टाकून झाकायचं, पाच मिनिटांनी गाळायचं. गूळ कपात घाला. गरम पोटात गेल्यावर बरं वाटतं, घाम येतो, छाती मोकळी वाटते. त्याने आजार बरा होतो असं मी म्हणणार नाही.

हे ठासून सांगण्याचं कारण आहे. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत आमच्या भागात ताप आला की घरोघरी काढा चढतो आणि चौथ्या दिवशी माणूस दवाखान्यात नेतात. याच दिवसांत डेंग्यू असतो, मलेरिया असतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूरच्या बाजूला स्क्रब टायफसने पुष्कळ माणसं आजारी पडली. तो गवता-झुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होतो आणि चावल्या जागी कधीकधी काळी खपली दिसते. गवत कापून आल्यावर कपडे बदलून आंघोळ करा, ही गोष्ट गवती चहालाही लागू आहे. ताप दोन दिवसांच्या वर गेला, डोळ्यांमागे दुखलं, अंगावर पुरळ किंवा अशी खपली दिसली तर काढा बाजूला ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा, आणि आपण गवतात काम केलं होतं हे डॉक्टरांना न विचारता सांगा.

गरोदर बाईला दाट काढा देऊ नये. तान्ह्या लेकराला तर थेंबही नको. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील त्यांनी रोज काढ्याची सवय लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं. चहातल्या दोन पात्यांचा एवढा बाऊ करायचं कारण नाही.

आंघोळ, वाफ आणि फरशी

जून, करपलेली पाती फेकू नका. चहाला ती नकोत, पण पाणी सुगंधी करायला चालतात. आमच्याकडे हिवाळ्यात पाणी अजून चुलीवर तापतं. मूठभर पाती दोरीने बांधून हंड्यात सोडली की बादलीत वास उतरतो. दिवसभर कपाशीत वाकून आलेल्या माणसाला यासारखं सुख नाही. कातडी नाजूक असेल, खाज येत असेल तर आधी हातावर पाणी घालून बघा.

नाक चोंदलं असताना वाफ घ्यायची तर पातेलं विस्तवावरून खाली, पाटावर ठेवून, मग पाती टाका. लहान मुलांना पातेल्याची वाफ देऊ नका. वासाने काही होत नाही, उकळतं पाणी अंगावर सांडतं.

झडीच्या दिवसांत घरात जो कुबट वास सुटतो त्याला हा उपाय मला सगळ्यात जास्त आवडतो. पातेलंभर जून पाती झाकून दहा मिनिटं उकळा, गार करा, गाळा, पोछ्याच्या बादलीत ओता. देवघर आणि स्वयंपाकघर तासभर तरी ताजं वाटतं. जंतू मरतात असं समजून संडास-मोरी याच्यावर सोडू नका. तिथे जे वापरता तेच वापरा.

डास आणि गोठा

पातं चोळून हातापायाला लावलं तर डास थोडा वेळ बिचकतात, अर्ध्या तासाने परत येतात. संध्याकाळी अंगणात बसण्यापुरतं ठीक. रात्री मच्छरदाणी हवीच.

गोठ्यात धूर करताना गोवरीवर कडुलिंबाचा पाला टाकतो, त्यात मी गवती चहाची वाळकी पाती मिसळते. डास, गोमाश्या कमी होतात आणि धुराचा वासही सुसह्य होतो. दार उघडं, धूर वाऱ्याच्या वरच्या बाजूला, आणि कुटाराच्या ढिगापासून लांब. झोपायच्या खोलीत असला धूर करू नका, घरात म्हातारं माणूस किंवा दम्याचं कोणी असेल तर अंगणातही नको.

पेटीतली पुडी, आणि तेलाचा नाद

चांगली वाळलेली पाती जुन्या मलमलच्या तुकड्यात बांधून गोधड्यांच्या पेटीत ठेवा. कुबटपणा येत नाही. वास गेला की पुडी मुठीत चुरगाळायची, थोडा परत येतो, आणि सहा महिन्यांनी बदलायची. ज्वारी-तुरीच्या कोठीत मात्र मी हे ठेवत नाही. दाण्याला वास लागतो, आणि लिंबाच्या वासाची भाकर कोणाला हवी? तिथे कडक ऊन आणि कडुलिंबाचा पाला हेच बरं.

घरी तेल काढता येईल का, हा प्रश्न हमखास येतो. किलोभर ओल्या पात्यात तेल असतं तीन ते पाच ग्रॅम. कुकरला नळी लावून तुम्ही दिवसभर बसलात तरी हाती सुगंधी पाणी येईल, वर तेलाचे चार ठिपके. ज्यांना शेतावर लागवड करून तेल विकायचं आहे त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने तेलासाठीचे 'कृष्णा'सारखे वाण काढले आहेत, आणि त्यासाठी ऊर्ध्वपातनाचा संच लागतो. घरासाठी सोपा मार्ग म्हणजे खोबरेल. पूर्ण वाळलेल्या पात्यांचे तुकडे बरणीत अर्धे भरा, वर बुडेल इतकं खोबरेल किंवा तिळाचं तेल घाला, बरणी कोमट पाण्याच्या पातेल्यात तासभर ठेवा, तीन दिवसांनी गाळा. ओली पाती घातलीत तर पाण्याच्या अंशाने तेल नासतं. हे गुडघ्याला, पायाच्या पोटरीला चोळायला छान. बाजारात मिळतं ते अर्काचं तेल मात्र थेट अंगाला लावू नका आणि पोटात तर अजिबात घेऊ नका. ते या घरगुती तेलापेक्षा कितीतरी पट जहाल असतं.

उकळून झालेली, गाळून उरलेली पाती वांग्या-टमाट्याच्या बुडाशी पसरते. माती झाकली जाते, पावसाचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत.

चौथ्या वर्षी

तीन-चार वर्षांनी ठोंबाचा मधला भाग पोकळ, वाळका होतो आणि हिरवे फुटवे कडेकडेने सरकतात. पातीही बारीक येऊ लागतात. मग पावसाळा लागला की कुदळीने सगळं ठोंब उपटा. मधला वाळका गड्डा खताच्या खड्ड्यात टाका, कडेचे टणक फुटवे वेगळे करा, पाती वीतभर छाटा आणि नव्या जागी लावा. जुन्या खड्ड्यात त्या वर्षी मेथी-सांबार टाका (सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर). एका ठोंबातून तीस-चाळीस फुटवे सहज निघतात, लागतात चार. उरलेले ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवले तर दोन-तीन दिवस तग धरतात, तेवढ्या वेळात आळीतल्या कोणाला हवेत ते विचारून घ्या. माझी भाची यंदा चार फुटवे पुण्याला घेऊन गेली, त्याच रिकाम्या कुंडीत.